अधिवेशन संपता संपेना

नागपूरच्या सदरमध्ये पत्ता विचारायला अडचण नाही, सांगणारे पुष्कळ मिळतात. "अजी, लिबर्टी टॉकीज माहीत आहे ना? तिथून असे सरळ या. पुढे ते आधी जे होतं, ते आता नाही. त्याच्या समोरच्या गल्लीत घुसा. तिथं त्याचं दुकान आहे, त्याच्या वर." नागपुरात वाढलेला माणूस एवढ्यावर "हौ, हौ, समजलं" म्हणतो, स्कूटर वळवतो आणि खरोखरच बरोबर जिन्यापाशी पोचतो. बाहेरगावचा माणूस 'ते आधी जे होतं' म्हणजे नेमकं काय होतं याचा विचार करत उड्डाणपुलावर चढतो, आणि आपल्याला जिथं वळायचं होतं तो चौक खालून मागे जाताना बघत राहतो.

या पत्त्यातला पत्ता त्या वाक्यात नसतोच. अर्धा सांगणाऱ्याच्या डोक्यात असतो, अर्धा ऐकणाऱ्याच्या. मंगळवारी बाजारात भाजीवालीशी होणारं बोलणं ऐका. "मागच्यासारखं द्या." "मागच्यासारखं संपलं, त्याच्या आधीचं आहे." व्यवहार पुरा होतो, पैसे दिले जातात आणि दोघांपैकी एकानेही भाजीचं नाव घेतलेलं नसतं. घराघरांत नवराबायको तर वर्षानुवर्षं केवळ 'ते' आणि 'त्याच्यातलं' या दोन शब्दांवर प्रपंच करतात.

माझा धंदा या सवयीच्या अगदी विरुद्ध आहे. मी सॉफ्टवेअर तपासतो. नागपुरात आयटीवाला म्हटलं की लोक मिहानकडे किंवा परसोडीच्या आयटी पार्ककडे बोट दाखवतात. आमचं ऑफिस दोन्हीकडे नाही. ते सदरमध्येच, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. त्यामुळे चुकून वर आलेली गिऱ्हाइकं आधी डोळे तपासून मागतात आणि मग आमच्या स्क्रीनकडे बघून म्हणतात, "हे तं मलेही दिसून राहिलं."

त्यांना जे दिसतं ते मराठीत असतं, आणि ते तसं असण्यामागे एक इंग्रज आहे. डॅन नॉर्थ नावाच्या या गृहस्थाच्या 2003 च्या सुमारास लक्षात आलं की 'टेस्ट' म्हटलं की प्रोग्रामर बिचकतात. कुठून सुरुवात करायची, काय तपासायचं, किती तपासायचं, सगळाच गोंधळ. त्याने टेस्ट हा शब्दच बाजूला ठेवला आणि म्हणाला, प्रोग्रामने कसं वागायला हवं तेवढं साध्या वाक्यांत लिहा. 2006 साली त्याने यावर लेख लिहिला आणि 'बिहेवियर ड्रिव्हन डेव्हलपमेंट' हे नाव जगभर झालं. जर अमुक स्थिती असेल, जेव्हा तमुक घडेल, मग असं असं झालं पाहिजे. एवढंच. प्रोग्रामर, तपासनीस आणि पैसे देणारा या तिघांनी एकच कागद वाचायचा आणि तिघांना त्याचा एकच अर्थ लागायचा. इंग्लंडमध्ये बसून माणसाला अशा कल्पना सुचू शकतात.

2008 साली नॉर्वेच्या अस्लाक हेलेसॉयने त्यासाठी एक अवजार केलं आणि त्याचं नाव ठेवलं क्युकंबर, म्हणजे काकडी. ही वाक्यं ज्या भाषेत लिहायची ती गर्किन, म्हणजे खारवलेली लहान काकडी. आत त्या वाक्यांचे जे चालवण्याजोगे तुकडे पडतात त्यांना पिकल्स म्हणतात. एवढी कोशिंबीर झाल्यावर निदान मीठ तरी कुठं लागेल असं वाटतं, पण तशी काही सोय आढळली नाही. एक गोष्ट मात्र खरी उपयोगाची: गर्किन सत्तरहून जास्त भाषांत लिहिता येतं आणि त्यात मराठी आहे. 'जर', 'जेव्हा', 'मग' असं लिहिलं की यंत्राला चालतं.

आम्हाला मराठीत लिहावं लागलं ते गिऱ्हाइकामुळे. सदरमध्येच त्यांचा लॉज आहे. वडिलांपासूनचा. खोल्यांची नोंद लाल कापडी बांधणीच्या वहीत, आणि वहीत न मावणारं सगळं मालकांच्या डोक्यात. मुलाने हट्ट धरला म्हणून सॉफ्टवेअर करून घ्यायला आले. पहिल्याच भेटीत त्यांनी धंद्याचं मर्म सांगितलं: "आमच्याकडे दोनच सीझन होय. अधिवेशन, आन् अधिवेशन नाही."

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात ठरलं की सरकारने दरवर्षी काही काळ नागपूरला यायचं आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथं घ्यायचं. काही वर्षं सोडली तर 1960 पासून ते होत आलं आहे, बहुतेक डिसेंबरात. नोव्हेंबर लागला की रविभवन, नागभवन आणि आमदार निवासाला रंग चढतो. पण मंत्री आणि आमदार यांच्यामागे जे येतात, म्हणजे कार्यकर्ते, शिष्टमंडळं, पीए, पीएंचे मेहुणे आणि निवेदनं घेऊन हिंडणारी माणसं, ती सगळी तिथं मावत नाहीत. मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडतात, मोर्चे काढणारे मात्र झोपायला लॉज शोधतात. अशा दिवसांत सदरमधली 1200 रुपयांची खोली 2400 ची होते. भिंतीवरची ओल तीच राहते.

तर आम्ही लिहिलेला पहिला सिनॅरिओ असा होता. जर अधिवेशन चालू आहे, आणि एक पाहुणा नोंदलेला आहे, जेव्हा तो दोन रात्रींसाठी खोली घेतो, मग त्याचे बिल 4800 रुपये होते. सुटसुटीत, वाचनीय. टीमलीडने प्रिंट काढून मालकांसमोर ठेवला. मालकांनी चष्मा लावला (खालच्याच दुकानातला) आणि बोट तिसऱ्या ओळीवर ठेवलं.

"हा 'तो' कोण होय?"

"पाहुणा, काका. वरच्या ओळीतला."

"वरच्या ओळीतलाच कशावरून?"

टीमलीड हसला. त्याला वाटलं काका गंमत करून राहिले. काका करत नव्हते.

"आन् हे 'त्याचे बिल'? खोली एकाच्या नावावर असते, राहते दुसरा, बिल तिसऱ्याच्या नावावर फाडा लागते, आन् पैसे चौथा देते. कधीकधी देतच नाही. तुम्ही कोणाचं म्हणून राहिले?"

डॅन नॉर्थला हवी होती ती चर्चा हीच असावी. फक्त ती सदरमध्ये इतकी खोल जाईल याची त्याला कल्पना नसणार.

काकांच्या प्रश्नात आमच्या धंद्यातलं एक जुनं दुखणं होतं. 'एक पाहुणा नोंदलेला आहे' ही स्टेप एकदा लिहिली की ती शंभर सिनॅरिओत वापरता येते, तोच तर फायदा. पण प्रत्येक स्टेपच्या मागे एक वेगळं फंक्शन असतं. पहिलं फंक्शन पाहुणा तयार करतं आणि संपतं. दुसरं फंक्शन, जे 'तो खोली घेतो' साठी आहे, ते दुसऱ्याच फाइलमध्ये राहतं आणि त्याने पहिल्याचं तोंडही बघितलेलं नसतं. वाक्य वाचणाऱ्या माणसाला 'तो' कळतो. यंत्राला 'तो' म्हणजे काहीच नाही. पहिल्याने तयार केलेला पाहुणा दुसऱ्याला सापडेल अशा जागी कुठंतरी ठेवावा लागतो. कुठं ठेवायचा, एवढ्यावर पुस्तकांत प्रकरणं आहेत आणि ऑफिसांत अबोले.

सगळ्यात प्रामाणिक उपाय म्हणजे काहीच ठेवायचं नाही, वाक्यातच सगळं म्हणायचं. मालकांच्या हरकतीनंतर आम्ही तेही करून पाहिलं. 'जेव्हा नोंदणी क्रमांक 4 चा पाहुणा, ज्याच्यासोबत दुसरा इसम राहत असून ज्याचे बिल तिसऱ्या इसमाच्या नावे आहे, तो दोन रात्रींसाठी खोली घेतो.' मालक खूश झाले. "हे बरं आहे. कोर्टात टिकते." पण ही स्टेप जगात दुसऱ्या कुठल्याही सिनॅरिओत वापरता येईना. यंत्राला सगळं समजत होतं आणि माणसाला वाचताना मधेच पाणी प्यावं लागत होतं.

मग डबा आला. डबा म्हणजे एक मॅप, ज्याला नाव देऊन काहीही ठेवता येतं आणि तेच नाव सांगून परत काढता येतं. डॉटनेटवाल्यांकडे स्पेकफ्लोमध्ये असा तयार सिनॅरिओ कॉन्टेक्स्ट असायचा. स्पेकफ्लो 2024 च्या अखेरीस बंद पडलं, पण डबा त्याच्या पुढच्या अवताराकडे गेलाच. आमच्या डब्यातली नावं मराठीत होती, आणि तिथंच घात झाला. एकाने 'पाहुणा' नावाने ठेवलं, दुसरा 'पाहूणा' म्हणून शोधायला गेला. यंत्र म्हणालं, असं कोणी नाही. शाळेत ऱ्हस्व-दीर्घाला अर्धा मार्क जात असे, इथं अख्खी बिल्ड गेली. ऑफिसात पहिल्यांदाच शुद्धलेखनावर मीटिंग झाली.

त्याहून खट्याळ निघाला तो 'दुसऱ्या'. 'दुसऱ्या पाहुण्याचे नाव' ही डब्याची किल्ली दोन जणांनी लिहिली होती, दोघांची अक्षर न् अक्षर सारखी. शेजारी शेजारी ठेवून, झूम करून, शेवटी प्रिंट काढून खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहिली. तरी यंत्र म्हणे वेगळी. मराठीतला हा डोळ्याच्या पापणीसारखा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन. दोन, साधा र, हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्हींचं रूप एकच, पोटात मात्र वेगळे आकडे. एकाचा कीबोर्ड पहिल्या पंथाचा होता, दुसऱ्याचा दुसऱ्या. युनिकोडचं प्रमाणीकरण वापरून भांडण मिटेल असं वाटलं होतं, पण ते त्या अदृश्य चिन्हाला हात लावत नाही. अनेक मराठी वेबसाइटींवर 'दुसऱ्या' शोधला की अर्धेच निकाल का मिळतात, हे मला त्या दिवशी कळलं. इंग्रजीत टेस्ट लिहिणाऱ्या लोकांच्या नशिबी हे सुख नाही.

इतर भाषावाल्यांच्या तऱ्हा वेगळ्या. रुबीत नावाआधी एक ॲट-चिन्ह लावलं की ती गोष्ट त्या सिनॅरिओपुरत्या 'वर्ल्ड'मध्ये राहते, पण न ठेवलेली गोष्ट मागितली तरी रुबी तक्रार करत नाही, गपचूप रिकामा हात पुढे करते. पायथनच्या बिहेव नावाच्या अवजारात डब्यालाच थर असतात. जावास्क्रिप्टमध्ये सगळं 'धिस'वर टांगायचं, आणि कोणी हौसेने ॲरो फंक्शन लिहिलं तर 'धिस' भलत्यालाच ओळखू लागतं. आमच्या बाजूच्या टेबलावरच्या पोराने त्यात अख्खा शुक्रवार घालवला आणि संध्याकाळी शांतपणे जुन्या पद्धतीचा 'फंक्शन' हा शब्द टाइप करून घरी गेला.

हे सगळे निस्तरता येणारे रोग. आमचा खरा रोग वेगळा होता आणि तो कुणालाच दिसत नव्हता, कारण स्क्रीन पूर्ण हिरवा होता, म्हणजे सगळं पास.

आमच्याकडे जावा. जावात एखादी गोष्ट सगळ्यांना दिसावी असं वाटलं तर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ती 'स्टॅटिक' करायची. एकदा लिहिली की सगळ्या फाइलींना उपलब्ध. कोणीतरी 'अधिवेशन चालू' असा एक स्टॅटिक ठेवला होता. 'जर अधिवेशन चालू आहे' ही स्टेप आली की तो खरा होई. 'जर अधिवेशन चालू नाही' अशी स्टेप कुणी लिहिलीच नव्हती. बरोबरच आहे, अधिवेशन नसणं ही नागपूरची नैसर्गिक अवस्था, ती कोण लिहून ठेवतो? पण क्युकंबर सिनॅरिओ संपला की बाकी सगळं नवं करतो आणि स्टॅटिकला मात्र शिवत नाही. तो प्रोग्राम बंद होईपर्यंत जिवंत असतो. म्हणजे अधिवेशन एकदा सुरू झालं की संपण्याची सोय नव्हती.

आणि ते सुरू व्हायचं सगळ्यांच्या आधी. क्युकंबर फाइली नावाच्या क्रमाने घेतो, आमच्या फाइलींची नावं मराठीत, आणि 'अधिवेशन' अ वरून. त्यामुळे ते पहिलं, आणि त्यानंतर 'उन्हाळी भाडे', 'परीक्षेचे पालक', 'लग्नसराई' असं सगळं वर्ष विधिमंडळाच्या छायेत. लग्नसराईच्या सिनॅरिओत 1200 अपेक्षित होते, 2400 आले. ज्याने तो लिहिला त्याने थोडा विचार केला, 'सीझनचा काहीतरी गुणाकार असेल' असं स्वतःला सांगितलं आणि अपेक्षित आकडाच 2400 करून टाकला. हिरवं झालं. पुढच्याने त्याचं पाहून तेच केलं. हळूहळू सगळ्या फाइलींचं आपसात उत्तम जुळलं.

नागपूरकरांची जुनी तक्रार आहे की अधिवेशन लवकर गुंडाळतात. 2024 साली 16 डिसेंबरला सुरू झालं आणि 21 ला संपलंही. विदर्भाचे प्रश्न कधी मांडायचे, असं दरवर्षी वर्तमानपत्रांत येतं. आमच्या ऑफिसात ते भर मे महिन्यात, 45-46 अंशांत, बिनातक्रार चालू होतं.

हे उघड झालं ते वर्ध्याहून नुकत्याच लागलेल्या एका मुलीमुळे. तिने 'अगोदरची नोंदणी' नावाची फाइल लिहिली. अक्षरक्रमात ग हा धच्या आधी येतो, त्यामुळे तिची फाइल 'अधिवेशन'च्याही आधी चालली, आणि तिच्या एकटीच्या फाइलीत दर आला 1200. रिव्ह्यूला सगळे जमले.

"तुझा आकडा बाकीच्यांशी जुळत नाही," टीमलीड म्हणाला.

"काकांच्या रेट-कार्डावर 1200च आहे, सर."

"कार्ड जुनं असेल. सगळ्यांचे 2400 आहेत ना? सगळेच चुकीचे असतील का?"

कुठल्याही ऑफिसात या प्रश्नाचं उत्तर 'नाही सर' असंच असतं. मुलगी वर्ध्याची होती. ती गप्प बसली, जागेवर गेली आणि 'उन्हाळी भाडे' ही एकच फाइल एकटी चालवून पाहिली. लाल. पुन्हा सगळ्यांबरोबर चालवली. हिरवी. एकटी चालवली. लाल. टोळक्यात असताना छाती काढून बोलणारं आणि एकट्याला उभं केलं की ततपप करणारं पोर प्रत्येक वर्गात असतं. हे प्रकरण त्याच जातीचं. तिने लॅपटॉप उचलून टीमलीडच्या टेबलावर ठेवला आणि क्रम उलटा करून सगळं चालवलं. हिरव्या मैदानाचं तिखट झालं.

मग गुन्हेगार शोधणं आलं. प्रत्येक ओळ कुणी लिहिली हे सांगणारी आज्ञा आहे, तिचं नावच 'गिट ब्लेम', म्हणजे दोष द्यायची सोय अवजारातच आहे. नाव निघालं ते नोकरी सोडून हिंजवडीला गेलेल्या एका पोराचं. नागपुरात गुन्हेगार शोधला की तो बहुधा हिंजवडीलाच निघतो. फोन लावला. तो ट्रॅफिकमध्ये होता, म्हणजे बोलायला भरपूर वेळ होता.

"अबे, ते? ते तं मी तात्पुरतं टाकलं होतं. डेमोच्या टायमाले. काढाचंच राहून गेलं बे. पण ते त्याच्यात रीसेट करत होतो ना मी?"

"कशात?"

"त्याच्यात. ते आपलं असते ना."

रीसेट कशात करायचं हे फक्त त्याला माहीत होतं, आणि ते माहीत असलेलं डोकं आता पुण्याला होतं. एकाच खोलीत बसणाऱ्या चार माणसांना एकमेकांचं सगळं ठाऊक असतं, म्हणून कुणी काही लिहीत नाही. खोलीतून एक माणूस उठून गेला की मग समजतं की अर्धा प्रोग्राम त्याच्याबरोबर गेला आहे.

दुरुस्ती अगदी रटाळ निघाली, चांगल्या दुरुस्त्या तशाच असतात. स्टॅटिक काढला. एक छोटा क्लास केला, 'मुक्काम' नावाचा. त्यात चार ठरलेल्या जागा: खोली कुणाच्या नावावर, राहतो कोण, बिल कुणाच्या नावे, पैसे कोण देतं. म्हणजे काकांनी पहिल्या दिवशी बोटं मोजून सांगितलं होतं तेच. पाचवी जागा अधिवेशनाची. ज्या ज्या स्टेपला यातलं काही हवं, तिने आपल्या कन्स्ट्रक्टरमध्ये 'मुक्काम' मागायचा. पिकोकंटेनर नावाचं एक लहानसं अवजार प्रत्येक सिनॅरिओच्या सुरुवातीला कोरा 'मुक्काम' तयार करतं, त्या सिनॅरिओतल्या सगळ्या स्टेपना तोच एक देतं आणि सिनॅरिओ संपला की फेकून देतं. किल्ल्यांची नावं नाहीत, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा वाद नाही. जागेचं नाव चुकलं तर प्रोग्राम सुरूच होत नाही. 'तो' म्हणजे कोण हे आता वाक्यात लिहावं लागत नाही आणि कुणाच्या डोक्यातही ठेवावं लागत नाही.

हे मालकांना समजावून सांगताना टीमलीडने पाऊण तास घेतला. कन्स्ट्रक्टर, इन्स्टन्स, लाइफसायकल. मालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे गिऱ्हाईक गेलं का चादर बदलाची. एवढंच ना? इतके दिवस तुम्ही चादर बदलत नव्हते?"

कुणी काही बोललं नाही. चहा आला.

चादर बदलूनही गादी तीच राहते हे पुढच्याच आठवड्यात कळलं. 'मुक्काम' दरवेळी कोरा, पण डेटाबेस एकच. एका सिनॅरिओने 204 नंबरची खोली दिली आणि निघून गेला, पुढच्याला तीच खोली हवी होती, ती भरलेली. मग प्रत्येक सिनॅरिओ एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळून शेवटी मागे घ्यायचं ठरलं. त्यावर वेळ वाचवायला कुणीतरी चार सिनॅरिओ एकाच वेळी चालवले आणि कोपऱ्यात विसरलेला आणखी एक स्टॅटिक सापडला. त्याच्यात एकाच क्षणी चौघे आपापला पाहुणा कोंबत होते, आणि एकाचं बिल दुसऱ्याच्या नावावर निघत होतं. हे आम्ही भीतभीत मालकांना दाखवलं.

"हे राहू द्या," ते म्हणाले. "अधिवेशनात खरंच असं होते."

खरा पेच पुढे आला. अधिवेशन कधी, हे प्रोग्रामला कसं कळणार? आमच्यातल्या एकाने, सोपं म्हणून, 'महिना डिसेंबर असेल तर' असं लिहिलं. मालकांनी तिथल्या तिथं तीन वर्षं मोजून दाखवली. 2018 ला पावसाळी अधिवेशन नागपूरला झालं. जुलै महिना, 6 तारखेला असा पाऊस पडला की विधानभवनात पाणी शिरलं, वीज गेली, कामकाज थांबलं. "आन् आमच्याकडे खोल्या फुल्ल." 2020 ला कोरोनामुळे आणि मग 2021 लाही अधिवेशन मुंबईलाच, डिसेंबर कोरडा गेला. म्हणजे महिन्यावर भरवसा नाही. दिवसांवरही नाही, कारण किती दिवस चालवायचं हे कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि मधेच बदलूही शकते. शेवटी तारखा हाताने भरायची सोय केली. वर्ध्याच्या मुलीने त्यावर सिनॅरिओ लिहायला घेतला आणि मालकांना विचारलं:

"काका, पाहुणा अधिवेशनात आला, आणि तो इथंच असताना अधिवेशन संपलं. त्या रात्रीचा दर कोणता?"

काकांनी चष्मा काढला. इतके महिने कुठल्याच प्रश्नाला त्यांनी एवढा वेळ घेतला नव्हता.

"पाहुणा कोणाचा आहे?"

"कोणाचाही."

"असं नसते बेटा. आमदाराचा माणूस असंल तं जुनाच दर, त्याले काय फरक पडते. मोर्च्यातला असंल तं 1200. मास्तर असंल, अनुदानासाठी आला असंल, तं चहा आपल्याकडून. आन् पीएचा मेहुणा असंल तं..." ते थांबले. "त्याचं ते पाहून घेऊ."

"पण सिनॅरिओत काय लिहू?"

"लिहा, 'मग मालकाले फोन करा.'"

तिने तसंच लिहिलं. क्युकंबर अशा स्टेपला, जिच्या मागे अजून काही कोड नाही, पिवळ्या रंगात दाखवतो आणि खाली कोड कसं लिहावं याचा नमुनाही देतो. आम्ही तो नमुना भरून टाकला आहे. ही एकच स्टेप आम्हाला हातानेच तपासावी लागते, आणि अधिवेशनाच्या दिवसांत काकांचा फोन कायम एंगेज असतो.